बारा आठवडे आणि सव्वीस आठवडे

आम्हा दोघींना दोन महिन्यांच्या अंतराने दिवस गेले. मी हिंगोलीबाहेरच्या एका हळद कारखान्यात ऑफिसात बसायची. हजेरी, गेटपास, पत्रव्यवहार, सगळं माझ्याकडे. ती मागच्या शेडमध्ये हळकुंडं निवडायची. मी बी.कॉम. झालेली, नवऱ्याबरोबर स्टेशनच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी. तिची शाळा चौथीतच सुटलेली, आणि ती मेंढ्या राखणाऱ्या घरात दिलेली. कारखान्यापासून चालत वीस मिनिटांवर त्यांची वस्ती होती. माझं पहिलंच होतं. तिला आधीच्या दोन लेकी होत्या.

कारखाना म्हणजे फार मोठं काही नाही. दोन शेड, पॉलिशचा ड्रम, वजनकाटा, आणि पुढे ऑफिसची एक खोली. बायका तीसेक, गडी आठ-दहा. ड्रम फिरायला लागला की पिवळी धूळ उठायची आणि ऑफिसच्या फायलींवर, पंख्याच्या पात्यांवर, माझ्या डब्याच्या झाकणावर येऊन बसायची. घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं की मोरी पिवळी व्हायची. नवरा म्हणायचा, तुझ्या हातच्या वरणाला वेगळी हळद लागतच नाही.

मालकांना सगळे भाऊ म्हणत. पन्नाशीचे, बोलायला मोकळे, सणासुदीला बायकांना साडी देणारे. पाचवा महिना लागला तेव्हा मी भीत भीत त्यांना सांगितलं. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि हसले.

"अगं, मग घाबरून काय राहिलीस? चांगली गोष्ट आहे. सहा महिने घरी राहा. पगार चालू राहील. कायद्यातच आहे ते. आणि कायदा नसता तरी तू काय परकी आहेस का?"

मला रडूच आलं. जवळा बाजारला आईला फोन केला. माझे आईवडील तिथं आठवडी बाजारात कापडाचं दुकान मांडतात. आईला तीनदा सांगावं लागलं. "घरी बसून पगार?" ती परत परत विचारत होती. "बराबर ऐकलंस ना तू? लिहून घे बाई त्यांच्याकडून."

बातमी शेडमध्ये पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. दुपारच्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीपाशी डबा धुवत होते. ती आली आणि टाकीला पाठ टेकवून उभी राहिली. तिला सातवा चालू होता. पायांवर सूज होती आणि जोडवी बोटांत रुतली होती.

"मॅडम, तुमाला सहा महिने सुट्टी भेटली म्हनं."

"हो. भाऊंनी दिली."

"बरं झालं. पहिलटकरणीला आराम पाहिजेच."

"आणि तुझं?"

"माझं काय? भादव्यात व्हईल. पंधरा दिसांनी येते परत. दुसरीच्या येळी कापूस येचायला बाराव्या दिशी गेले होते. तवा लई तकलीफ झाली. आता हे तर बसून काम हाय." मग जरा थांबून म्हणाली, "मुकादम म्हनला, जागा राखतो, पर लवकर ये. न्हाईतर दुसरी बसंल."

ती तक्रार करत नव्हती. बाजारात काय भाव चाललाय ते सांगावं, तसं सांगत होती. मी डबा धुतला आणि आत आले. पण मन कामात लागेना. भाऊ म्हणाले होते, कायद्यातच आहे. मग तो कायदा ऑफिसच्या दारापाशीच थांबतो का?

त्या संध्याकाळी नवरा खिचडी टाकत होता आणि मी मोबाइलवर तो कायदा शोधून वाचत बसले. भाषा अवघड होती. पण मुद्दा सरळ होता. ऑफिसातली आणि शेडमधली असा फरक त्यात कुठेच नव्हता. रोजंदारीवरच्या बाईलाही हक्क होता. अट एवढीच, की बाळंतपणाच्या आधीच्या वर्षात तिनं तिथं किमान ऐंशी दिवस काम केलेलं असावं. मी मनात हिशेब लावला. दिवाळीनंतर ती लागली, आता आषाढ. ऐंशी कधीच होऊन गेले होते. मी नवऱ्याला ओरडून सांगायला गेले आणि हजेरीचं पान आठवलं.

हजेरीत ती नव्हती.

त्याचं असं, की मुकादम दर दोन-अडीच महिन्यांनी काही बायकांची नावं फिरवायचा. एकीचं नाव काढायचं, तिला दुसऱ्या नावावर चढवायचं. म्हणजे जी खरी कामावर असते, तिची नोकरी सलग दिसत नाही. दिवाळीनंतर ती आणि तिची जाऊ अशा दोघी कामाला लागल्या. संक्रांतीनंतर जाऊ मेंढ्यांबरोबर निघून गेली. तेव्हा मुकादमानं हिचं नाव खोडायला लावलं आणि जावेचं चालू ठेवलं. तेव्हापासून ही रोज येत होती आणि हजेरी जावेची लागत होती. मुकादम सकाळी नावं सांगायचा, मी लिहायची. समोर ही बसलेली दिसायची आणि माझ्या हातून दुसरीचं नाव लिहिलं जायचं. तीन वर्षं मी ते करत होते. त्यात काही वावगं आहे, हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी त्याचा विचार करायचा टाळत होते.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. बाप होणाऱ्याला रजा हा विषयच तिथं नव्हता. तो खिचडी ढवळत ऐकत होता.

"तुझी रजा तर पक्की आहे," तो म्हणाला.

"हो."

"हे काढलंस तर कदाचित नसेल."

"माहीत आहे."

त्यानं ताट वाढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "आधी तिला विचार. तिला नको असलं तर तू कशाला काढतेस? आणि तिला हवं असलं तर मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी तिला ऑफिसच्या मागं बोलावलं आणि समजावून सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, खूश होईल.

"नगं मॅडम," ती म्हणाली. "मुकादम हाकलून देईल."

"पण तुझा हक्क आहे तो. तू दिवाळीपासून आहेस इथं."

"मी हाय हे तुमाला माहीत हाय, मला माहीत हाय. कागदावर मी कुठं हाय?" मग तिनं वर पाहिलं. "माझं नाव तर तुमीच खोडलं ना."

रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पदर खोचून परत शेडकडे गेली. मी बराच वेळ तिथंच भिंतीला हात लावून उभी होते. पोटात बाळ हलत होतं.

चार दिवसांनी तीच आली. पॉलिशच्या ड्रमपाशी तिला भोवळ आली होती. बायकांनी पाणी मारून तिला उठवलं होतं. तोंड अजून ओलं होतं. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "लिवा तुमाला काय लिवायचं ते. मला सही येते."

मी अर्ज लिहिला. अमुक तारखेच्या सुमारास मी बाळंत होणार आहे, अमुक दिवसापासून रजा मिळावी, माझ्या गैरहजेरीत रक्कम माझ्या सासूच्या हाती द्यावी. तिनं जीभ दातांत धरून सही केली. एकेक अक्षर सुटं. स्वतःच्या नावाची. ते नाव मी बऱ्याच महिन्यांनी कागदावर पाहत होते.

भाऊंकडे मी दोन अर्ज घेऊन गेले. माझा आणि तिचा. माझा वाचून त्यांनी पेन उचललं. दुसरा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"ही कोण? या नावाची बाई आपल्याकडं नाही."

"आहे भाऊ. हजेरीत नाही." आणि मी सगळं सांगितलं. नावं कशी फिरतात, कोण लिहितं, सही कोणाची असते. माझीच असते, हेही सांगितलं.

भाऊंचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलून राहिल्यात? खोटी हजेरी लिहिली म्हणून सांगताय मला?"

मी तीन वर्षांत त्यांच्या तोंडून स्वतःसाठी कधी 'तुम्ही' ऐकलं नव्हतं. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"हो, लिहिली. चुकलं माझं. पण ती बाई खरी आहे. दिवाळीपासून रोज येते. आज भोवळ येऊन पडली."

"तुमची रजा मी मंजूर केली ना? मग झालं की. या भानगडीत तुम्ही कशाला पडता? आज एकीला दिली की उद्या तीसही येतील."

"तीसही जणी एकाच वेळी बाळंत होत नाहीत, भाऊ."

ते हसले नाहीत. मीही विनोद म्हणून बोलले नव्हते. मी माझा अर्ज तिच्या अर्जावर ठेवला. "हे दोन्ही बरोबरच राहू द्या. माझ्या अर्जावर आज सही करू नका."

"ही धमकी हाय का?"

"नाही. मला एकटीला घेता येईना, एवढंच."

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याला वाईट वाटलं, हे मला दिसलं. घरभाडं माझ्याच पगारातून जायचं. पण तो एवढंच म्हणाला, "आता सांगून झालंय ना? मग जेव."

पुढचे दहा-बारा दिवस भाऊ माझ्याशी कामापुरतंच बोलले. मुकादमानं माझ्या टेबलासमोर यायचं बंद केलं. नावांची चिठ्ठी तो आता शिपायाच्या हातून पाठवायचा. मी चिठ्ठी बाजूला ठेवायची, शेडमध्ये जायची आणि समोर बसलेल्या प्रत्येक बाईला नाव विचारून लिहायची. मुकादम दारात उभा राहून बघायचा. एकदा मोठ्यानं म्हणाला, "मॅडमला लई पुळका आलाय. ह्या कारखाना बंद पाडतेत बघा." काही बायकांनी माझ्याकडे पाहणं सोडलं. त्यांचंही बरोबरच होतं. कारखान्याचं दार बंद झालं असतं तर माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त गेलं असतं.

मग एके दुपारी भाऊ स्वतः शेडमध्ये आले. नांदेडच्या त्यांच्या सल्लागाराशी बोलणं झालं होतं, हे मला नंतर कळलं. रोजंदारी असली तरी द्यावं लागतं, असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. भाऊंनी ड्रम बंद करायला लावला. आवाज थांबल्यावर शेड एकदम मोठं वाटायला लागलं. माझ्याकडून जुनी हजेरी घेतली, सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "बाई, तुझं नाव काय?"

ती उठायला लागली. भाऊंनी हातानंच बस म्हणून सांगितलं. तिनं आधी मुकादमाकडे पाहिलं, मग भाऊंकडे.

"हजेरीतलं सांगू का आईनं ठेवलेलं?"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. मग एक वयस्कर बाई उठली आणि म्हणाली, "भाऊ, माझं बी तसंच हाय. मी सहा महिने झाले नणंदेच्या नावावर येऊन राहिले. ती तर परभणीला ऱ्हाती." तिच्यामागं आणखी एक उठली. मग आणखी तिघी. कोणी कोणाच्या नावावर, ते सांगताना त्यांचाच गोंधळ उडत होता, एकमेकींना दुरुस्त करत होत्या. हसण्यासारखंच होतं ते. पण भाऊ हसत नव्हते. हातातली हजेरी त्यांनी मिटली आणि माझ्याकडे दिली.

ऑफिसात येऊन ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मुकादमाला मीच सांगितलं होतं नावं फिरवायला. कारखाना सुरू केला तेव्हा एका व्यापाऱ्यानं सांगितलं, असंच करावं लागतं, न्हाईतर बायका डोक्यावर बसतात. मी म्हनलं करा. नंतर मला त्याची आठवण बी राहिली न्हाई." त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसला. "म्हंजे तुला एकटीला कशाला बोलायचं?"

ते परत 'तू'वर आले होते. मी डोळे पुसायला तोंड फिरवलं.

पण मंजुरी लगेच आली नाही. सल्लागाराकडून कागद यायचे होते, मागची हजेरी नीट करायची होती, बायकांचे जबाब घ्यायचे होते. तिचे पाय तोवर इतके सुजले की ती माहेरी, शिरड शहापूरला निघून गेली. जाताना मला म्हणाली, "तुमी लई केलं. न्हाई झालं तरी मी तुमाला बोल लावणार न्हाई." मला ते ऐकवेना.

दोघींच्या मंजुरीची पत्रं हातात पडली तेव्हा भादवा निम्मा सरला होता. तिला मुलगा झाल्याचं मला आदल्याच दिवशी एका बाईकडून कळलं होतं. तिच्याकडे फोन नव्हता. तिच्या भावाच्या फोनवर कोणी उचलत नव्हतं. मला आठवा लागला होता. नवरा म्हणाला, तिचं पोस्टानं पाठव. पण पंधराव्या दिवशी परत येते, असं तिनं मला टाकीपाशी सांगितलेलं मी विसरले नव्हते. शेवटी रविवारी आम्ही दोघं एस.टी.नं गेलो. खड्डा आला की नवरा माझ्या पाठीमागे स्वतःचा हात धरायचा. त्याला वाटायचं, त्यानं धक्का कमी लागतो.

तिचं माहेर गावाच्या कडेला होतं. अंगणात काटेरी कुंपण, आत शेळ्या, त्यांची करडं, सगळीकडे लेंड्यांचा वास. तिची आई चुलीपाशी बाळंतिणीसाठी डिंकाची पेज ढवळत होती. ती आत बाजेवर बसली होती. बाळ मांडीवर होतं, आणि शेजारी एका पिशवीत घडी घातलेली दोन लुगडी.

"मॅडम! ह्या अवस्थेत काहून आल्या?"

"ही पिशवी कशाची?"

ती लाजली. "परवा निघून राहिले. पंधरा दिस व्हतेत परवा. माझा भाऊ सोडून येतो म्हनला."

मी बाजेवर टेकले आणि पत्र काढलं. वाचून दाखवलं. तिचं नाव आलं तेव्हा तिची आई पळी हातात घेऊनच दारात येऊन उभी राहिली. वाचून झालं. मग आईनं विचारलं, "म्हंजे तिनं परवा जायचं न्हाई?"

"नाही. बारा आठवडे जायचं नाही. पगार मिळेल. जागा तिचीच राहील."

"बारा हप्ते म्हंजे किती?"

"बाळ पालथं पडायला लागेपर्यंत."

ती बाळाकडे पाहत होती. तिनं त्याची मूठ सोडवली, परत मिटू दिली. मग माझ्याकडे वळली. "आन् तुमाला किती?"

हा प्रश्न येणार, हे मला एस.टी.त बसल्यापासून माहीत होतं. खोटं बोलावं असंही मनात येऊन गेलं होतं.

"सव्वीस."

"काहून? तुमी ऑफिसात हाव म्हनून?"

"नाही. ऑफिसचं काही नाही त्यात. पहिल्या दोन लेकरांना सव्वीस. दोन असताना तिसरं झालं की बारा. कायदाच तसा आहे."

तिनं जरा विचार केला. "तिसरं काय कमी रडतं का?"

तिची आई हसायला लागली. मग तीही हसली, आणि पोट धरून म्हणाली, "हसवू नका, दुखून राहिलं." नवरा बाहेर शेळ्यांपाशी उभा होता. हसणं ऐकून त्यानं दारातून डोकावलं. तिच्या आईनं त्याला पेजेची वाटी दिली. बाळंतिणीची पेज त्यानं उभ्याउभ्या सगळी पिऊन टाकली. आम्ही निघालो तेव्हा तिनं ती पिशवी उघडली आणि लुगडी परत दोरीवर टाकायला आईकडे दिली.

मला दिवाळीच्या तोंडावर मुलगी झाली. सहा महिने मी घरी राहिले. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार घडलं नाही, आणि तीच त्यांची चांगली गोष्ट होती. पहिला महिना मला दूधच नीट येईना. मुलगी रडायची, मीही रडायची. आई जवळा बाजारहून येऊन राहिली. नवऱ्यानं आठ दिवस तास घेतले नाहीत. त्याला त्याबद्दल कोणी विचारलंही नाही आणि पैसेही दिले नाहीत. त्याचा एक सहकारी भेटायला आला, तेव्हा नवरा दुपटी वाळत घालत होता. सहकाऱ्याला वाटलं, आम्ही भांडलोय. नवव्या दिवशी नवरा कॉलेजला निघाला तेव्हा दारात थांबून मुलीकडे इतका वेळ बघत राहिला, की आईच म्हणाली, "जावईबापू, बस जाईल." सरकारी नोकरीतल्या बापांना काही दिवस मिळतात, असं आम्ही ऐकून होतो. तासिकेवरच्या बापाचं नाव अजून कुठल्या कागदावर नव्हतं.

त्या सगळ्या काळात मला एकच गोष्ट परत परत जाणवत होती. चाळिसाव्या दिवशी मी अजून सरळ उभी राहू शकत नव्हते. बाराव्या दिवशी कापूस वेचणं म्हणजे काय, हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं.

ती माझ्या आधीच कामावर परतली होती. मी परतले तेव्हा तिचा मुलगा आठ महिन्यांचा होता. दिवसातून दोनदा बाळाला पाजायला वेळ द्यावा लागतो, हे मी भाऊंना आधीच वाचून दाखवलं होतं. पाळणाघर मात्र पन्नास माणसांच्या वरच्या ठिकाणीच सक्तीचं होतं. आम्ही तेवढे नव्हतो. "मग पाजणार कुठं? ह्या धुळीत?" भाऊंनीच विचारलं, आणि वॉचमनची रिकामी पडलेली खोली झाडून घ्यायला लावली. तिला दार होतं, खिडकी होती, आणि ती शेडपासून लांब होती. दुपारी तिची सासू नातवाला घेऊन यायची आणि माझी आई मुलीला रिक्षातून आणायची. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसायचो. सासू आणि आई बाहेर पायरीवर बसून आमच्याबद्दल बोलायच्या. सासूचं म्हणणं, आमचे चोचले जरा जास्तच आहेत. आईचं म्हणणं, होऊ द्या की, कोणाचं काय जातंय.

तिथं बसून तिनं मला बरंच सांगितलं. थोरलीच्या वेळी मेंढ्यांच्या मागं चालता चालता तिला कळा आल्या होत्या. दुसरीला कापसाच्या ओळीत झोळी बांधून ठेवायची, तेव्हा लाल मुंग्यांनी तिचा पाय खाल्ला होता. "ह्याला मातर मी पाहिलं," ती मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायची. "पहिल्यांदा हसला तवा मी जागेवर होते. पोरींचं पहिलं हसू कोणी पाहिलं की, काय माहीत."

मुकादम त्या वर्षाअखेर सोडून गेला. भाऊंनी काढलं नाही, तोच गेला. हजेरी आता सरळ लागते. त्यानंतर आणखी दोघींना रजा मिळाली आणि कोणाला भांडावं लागलं नाही. कारखाना बंद पडला नाही. भाऊ अजून कधी कधी कुरकुरतात. रजेचा कागद समोर आला की मोठा उसासा सोडतात आणि मग सही करतात.

पण मागच्या उन्हाळ्यात एक विशीतली मुलगी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. पहिलंच होतं तिचं. कामाला लागून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. आणि तारीख जवळ आली होती. तिनं बाकीच्यांकडून ऐकलं होतं, की ऑफिसातल्या ताईकडे गेलं की सुट्टी मिळते. मी पुन्हा पुन्हा मोजलं. ऐंशी होत नव्हते. होणारही नव्हते. हजेरी खरी होती आणि माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. तिनं हट्ट केला नाही. "पर ताई," ती म्हणाली, "लेकराला कुठं माहीत हाय मी कधी कामाला लागले ते?"

मी भाऊंकडे गेले. कायद्यात बसत नाही, हे आधीच सांगितलं. त्यांनी तिला बोलावलं, दीड महिना घरी राहायला सांगितलं आणि जागा राखतो म्हणाले. पगाराचं बोलले नाहीत. मीही त्या दिवशी पुढं काही बोलले नाही. ते बोलायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ती मुलगी दीड महिन्यानं परत आली. दुपारी ती बाळाला पाजायला वॉचमनच्या त्या खोलीत बसते आणि दार आतून लावून घेते.